ड्रिलची कुंची

विनिपेग, कॅनडा
१५ डिसेंबर २०२४

विलास, जय भीम.

मोबाइलवर बोटं आपटत लिहायला मला जमत नाही, आणि फोनवर बोलायला लागलो की तू मधेच तोंड घालतोस. म्हणून कागदावर लिहितोय. आमच्या सूनबाई, ओवी, याचा फोटो काढून तुझ्या फोनवर धाडतील. तूही तसंच कर.

आमच्या जयदीपने हट्टाने हिवाळाभर बोलावून घेतलं खरं, पण तो आणि ओवी कामाला गेले की घरात मी आणि फ्रीज दोघंच घरघरत बसतो. मोशीत असतो तर एव्हाना चौकात चार जणांशी भांडून झालं असतं. इथे चौक आहे, भांडायला माणूस नाही. गाड्यांच्या तोंडातून वायर लोंबते. इंजिन गारठू नये म्हणून रात्री ती प्लगात खुपसून ठेवतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, अख्ख्या गल्लीच्या गाड्या बिघडल्यात.

तर एक माणूस मिळालाय. शेजारचा वॉल्टर. माझ्याच वयाचा, आयुष्य रेल्वेच्या वर्कशॉपात गेलं. बायको आयरीन दोन वर्षांपूर्वी वारली. मला त्याचं इंग्रजी कळत नाही आणि त्याला माझं काहीच कळत नाही, पण हात बघून एकमेकांना ओळखलं. त्याने मला गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला नेलं. विलास, आम्ही तळ्यावर *चालत* गेलो! मधोमध जाऊन बर्फाला भोक पाडायचं, त्यात गळ सोडायचा, आणि भोकावर छोटा तंबू टाकून आत शेगडीपाशी बसायचं. भोक पाडायला छातीएवढं उंच गिरमिट असतं. वॉल्टरचा उजवा खांदा गेलाय, त्याला ते हाताने फिरवता येत नाही. म्हणून तो गिरमिटाला बॅटरीवरचं ड्रिल जोडतो. हे ड्रिल बायकोने जाण्याआधी त्याच्या वाढदिवसाला दिलेलं. मुठीच्या बुडाशी तिने नेलपॉलिशने, स्वतःच्या हाताने त्याचं नाव लिहिलंय. ड्रिल आहे म्हणून म्हातारा तळ्यावर जातो, नाहीतर खिडकीत बसून राहिला असता, माझ्यासारखा.

आता अडचण सांगतो. वरून पडणारा बर्फ कोरडा असतो, रांगोळीसारखा झटकला की जातो. पण भोक आरपार झालं की पाणी आणि बर्फाचा रबडा उसळून ड्रिलवर येतो. तंबूत शेगडीची वाफ. परवा तर ओला बर्फ पडला. गिरमिट पकडणाऱ्या चकला गंज धरायला लागलाय. मी ओवीला मधे घालून वॉल्टरला सांगितलं, हे ड्रिल माझ्याकडे दे, मी सांभाळतो. माझ्या हाताखाली एकही मशीन कधी गंजलेलं नाही. त्याने लगेच दिलं. आता शब्द देऊन बसलोय. चाकणला आपल्या कंपनीत मी मशिनं सांभाळली, तू उभा जन्म एक्सपोर्ट पॅकिंगमध्ये काढलास. समुद्रातून माल कोरडा पोचवायचास. तर ह्याला पाण्यापासून कसं वाचवू ते सांग.

तुझा
दत्तोबा

*

पिंपळे गुरव
१७ डिसेंबर २०२४

दत्तोबा, रामकृष्णहरी.

पत्र वाचून दोन दिवस डोकं ठिकाणावर नाही. मला आधी हे सांग, बर्फाखालचे मासे जिवंत कसे राहतात? भोक पुन्हा किती वेळाने बुजतं? आणि तंबूत शेगडी पेटवता तर खालचा बर्फ वितळून तुम्ही दोघं आत जात नाही का? आमची कस्तुरा म्हणते, ‘मासे बाजारात मिळत न्हाईत का तिकडं?’ तिला मी गप्प केलं, पण उत्तर मलाही हवंय.

ड्रिलचं काम एकदम सोपं आहे. जर्मनीला जाणारा माल कसा बांधायचो आठव. जाड पॉलिथिनची पिशवी घे. तोंडाशी चक तेवढा बाहेर राहील अशी ड्रिलवर चढव, आत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या टाक आणि दोन्हीकडून टेप मार: वर चकच्या मागे, खाली मुठीच्या बुडाशी, बॅटरीच्या वर. टेप थेट अंगावर बसली पाहिजे, मधे सुरकुती नको. हवा आत जाता कामा नये. घरी आलास की उघड, पुसून घे, दुसऱ्या दिवशी निघताना नव्याने बांध.

आणि एक. काढलेली टेप फेकायची नाही. आमच्या खात्यात परत आलेल्या पेटीची टेप आम्ही बोर्डावर ओळीने चिकटवून ठेवायचो. पाणी कुठून शिरलं ते डिंकाकडे बघून कळतं. तूही लाव कुठेतरी.

कस्तुराचं मत वेगळं आहे. ती म्हणाली, ‘अवं, लेकराला आसं करकचून बांधलं तर गुदमरंल की! कुंची घाला त्याला कुंची. वरून झाकलेली, खालून मोकळी.’ मी म्हटलं, बाई, हे यंत्र आहे, बारशाला निघालेलं नाही. आमच्या पिंकीच्या बाळाच्या कुंच्या शिवून शिवून तिला सगळीकडे बाळंच दिसतात.

तू पिशवीच बांध.

विलास

*

विनिपेग
२९ डिसेंबर २०२४

विलास,

तुझं पॅकिंग एक नंबर! दोनदा जाऊन आलो. रबडा उडतो आणि पिशवीवरून ओघळून जातो. वॉल्टरने पिशवीवर टकटक करून अंगठा दाखवला. काढलेल्या टेपा गॅरेजच्या दारामागे ओळीने लावतोय. ओवी म्हणते, बाबा, हे काय तोरण? मी म्हटलं, विलासकाकांचा हुकूम आहे.

तुझी उत्तरं. मासे जिवंत राहतात कारण खाली पाणी असतं, गोठतं ते वरचंच. भोक बिडी ओढून होईपर्यंत साय धरतं, झाऱ्याने काढत राहायचं. आणि बर्फ हातभर जाड असतो, शेगडीने काही होत नाही. तरी पहिल्या दिवशी मी पाय पोटाशी घेऊनच बसलो होतो. वॉल्टर इतका हसला की त्याचा मासा सुटला.

मासा मात्र गोड. ओवीने कालवण केलं, वॉल्टर घाम पुसत दोनदा जेवला.

एक बारीकशी गोष्ट. काल तळ्यावरून आल्यावर पिशवीला आतून धुकं धरल्यासारखं दिसलं. पुसलं, गेलं. विशेष काही नसावं.

दत्तोबा

*

पिंपळे गुरव
२ जानेवारी २०२५

दत्तोबा,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा वगैरे सगळं नंतर. ते धुकं कुठून आलं?

पिशवी बंद, टेप पक्की, आत सिलिका. मग पाणी आलं कुठून? तू ‘विशेष काही नसावं’ लिहून मोकळा झालास, इथे माझी झोप गेली. चाकणला बांधलेली पेटी दोन महिने बोटीवर हलायची, पण उघडली की आत खडखडीत कोरडं. आणि तुझी पिशवी एका दिवसात धुरकट? सिलिकाच्या पुड्या ओल्या लागतात का? धुकं चकच्या बाजूला जास्त की मुठीच्या? टेपांचा डिंक पांढरा पडलाय का? बघून लगेच लिही.

तोवर मी इथे प्रयोग करून बघतो. तुझ्यासारखी थंडी पिंपळे गुरवात कुठून आणायची, एवढाच प्रश्न आहे.

विलास

*

विनिपेग
१५ जानेवारी २०२५

विलास, जय भीम.

काल संक्रांत झाली. ओवीने तिळगूळ केला होता. थंडी फार आहे, त्यामुळे तळ्यावर जाणं बंदच आहे. वॉल्टर ठीक असावा. माझी तब्येत बरी. कस्तुरावहिनींना नमस्कार सांग. पिंकीच्या बाळाला आशीर्वाद.

दत्तोबा

*

पिंपळे गुरव
२१ जानेवारी २०२५

दत्तोबा,

थंडी मिळाली. आमच्या गल्लीच्या टोकाला गणराज मासे विकतो, त्याचा मोठा डीप फ्रीजर आहे. चांगलं ड्रिल मला फ्रीजरात ठेवायला कोण देणार? म्हणून मिक्सरच्या दोन जुन्या मोटारी शोधल्या. एक आपल्या पद्धतीने बांधली, सिलिका, टेप, सगळं. दुसरीवर कस्तुराने रेनकोटाच्या कापडाची कुंची चढवली. मी नको म्हणत होतो, पण मिक्सर तिचा होता.

दोन्ही मोटारींवर गरम पाण्याचा शिपका मारला, चालवल्या, आणि सुरमईशेजारी रात्रभर ठेवल्या. गणराज गिऱ्हाइकांना सांगत होता, काकांनी नवीन मासा आणलाय. सकाळी दोन्ही घरी आणून कस्तुराच्या कुकरशेजारी ठेवल्या. म्हणजे तुमचा तंबूच झाला. कुंचीवालीला बाहेरून दव आलं, खालून टपटपलं, दुपारी कोरडी. आणि माझी? पिशवीत आतून पाणी ओघळत होतं, दत्तोबा. आलेलं पाणी जायला वाट नव्हती. सिलिकाच्या पुड्या भिजून लगदा झाल्या होत्या.

मग कळलं. आम्ही माल बांधायचो तेव्हा तो कोरडा असायचा आणि पोचेपर्यंत कुणी उघडायचं नाही. तुझं ड्रिल रोज राबतं. मोटार तापते, ओली हवा चकमधून आत ओढते, मग थंडीत ती हवा आतच पाणी सोडते. मी तुला सुकवायची नाही, भिजवायची युक्ती दिली. पिशवी चुकीची नाही, वेळ उलटी सांगितली. काम करताना कुंची. काम संपलं की तिथेच, बाहेर थंडीत, ड्रिल पुसून पिशवीत बांधायचं आणि मग घरात आणायचं. दव पिशवीला बाहेरून येईल. ते वाळून ड्रिल घराइतकं कोमट झालं की मगच उघडायचं. हेही मी सुरमईशेजारी ठेवून तपासलं. बॅटरी मात्र काढून तुझ्या छातीशी, स्वेटरच्या आत, थंडीत ती लवकर उतरते.

आता खरं बोलू? साध्या नटबद्दल पानभर लिहिणारा माणूस तू. मी एवढे प्रश्न विचारले आणि तू मला तिळगुळाचं पत्र पाठवलंस. ड्रिल बंद पडलंय ना?

कस्तुरा तुझ्या पत्राचा फोटो बघून म्हणाली, ‘भाऊजी रुसल्यात न्हाईतर लपवत्यात.’ तिने खऱ्या ड्रिलच्या मापाची कुंची शिवलीय. आपला रणजीत लेकीकडे कॅनडाला निघालाय, त्याच्या हाती देतोय.

चूक माझी आहे. लपवू नकोस.

विलास

*

विनिपेग
१६ फेब्रुवारी २०२५

विलास,

व्हय, बंद पडलं होतं.

एक जानेवारीलाच. तिसरं भोक निम्मं झालं आणि खटका दाबला तरी हूं की चूं नाही. वॉल्टरला वाटलं बॅटरी संपली. मी मान डोलावली. घरी येऊन घाईघाईत पिशवी ओरबाडून काढली तर आतून चमचाभर पाणी सांडलं. तुला कळवलं असतं तर तू स्वतःला दोष देत बसला असतास, म्हणून तुला लिहिलं नाही. आणि वॉल्टरला काय सांगणार? इथे एकच माणूस माझ्याशी बोलला आणि त्याच्या बायकोची वस्तू मी घालवली. त्याने दार वाजवलं की मी झोपल्याचं सोंग करायचो. जयदीप म्हणाला, बाबा, तसंच नवं मागवतो. त्याला कसं समजावू?

जानेवारी संपता संपता वॉल्टर पुन्हा आला. काचेतून पाहिलं तर खांद्यावर हाताचं गिरमिट घेऊन उभा. त्याला वाटलं मी आजारी आहे, किंवा मला ड्रिलचा आवाज आवडत नाही! त्याने गिरमिट माझ्या हातात दिलं आणि स्वतःचा दुखरा खांदा दाखवून खूण केली, तू फिरव. विलास, मला रडूच आलं. रविवार होता, ओवी घरी होती. तिला म्हटलं, सांग त्याला सगळं.

तो रागावला नाही. ड्रिल टेबलावर ठेवून आम्ही दोघांनी खोललं. स्विचमध्ये हिरवट ओल. पावसाळ्यात छत गळून मोटारी भिजल्या की आपण त्या बल्बखाली वाळवायचो ना, तसा बल्ब हवा होता. पण इथे घराघरात एलईडी. हात शेकायलाही तापत नाहीत. ओल शोषायला म्हणून ओवीने तांदळाचा डबा पुढे केला, मी परत ठेवला. मग वॉल्टर तळघरात गेला आणि एक जाडजूड लाल बल्ब घेऊन आला. आयरीनने कोंबड्या पाळल्या होत्या म्हणे, तिच्या पिल्लांना ऊब द्यायचा. खोक्यात बल्ब लावून दोन दिवस ड्रिल शेकलं. स्विच घासला, ड्रिल पुन्हा जुळवलं, खटका दाबला. फिरलं! वॉल्टरने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा पडला.

इथे पत्र संपवता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्याने कौतुकाने ड्रिल उलटंसुलटं केलं आणि मुठीच्या बुडाशी थांबला. नाव नव्हतं. पहिलं अक्षर तेवढं उरलेलं, बाकी साफ. मी तिथेच टेप मारत होतो, थेट अंगावर, सुरकुती न पडता. त्या दिवशी घाईत ओरबाडली तेव्हा गेलं असणार. पाण्याच्या भीतीत मी बघितलंच नाही, आणि खोलताना दोघांचंही लक्ष आतच होतं. वॉल्टरने त्या जागेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. ड्रिल कापडात गुंडाळून घेऊन गेला. त्यानंतर आलेला नाही. खिडकीत बसलेला दिसतो.

कुंची मिळाली. पिवळीधमक, गोंडाही आहे. ती घालायला ड्रिल नाही. मार्चअखेर माझं परतीचं तिकीट आहे, तोवर तळ्यावरचा बर्फही कच्चा होईल. मशीन दुरुस्त करता येतं रे. गेलेल्या बाईचं अक्षर कुठून आणू? तुझी वहिनी गेल्यावर मी तिच्या अक्षरातल्या मसाल्यांच्या चिठ्ठ्या बरण्यांवरून अजून काढलेल्या नाहीत. मला कळतं त्याचं काय गेलं ते.

दत्तोबा

*

पिंपळे गुरव
१७ फेब्रुवारी २०२५, सकाळ

दत्तोबा,

चहा तसाच ठेवून लिहितोय. टेपा कुठे आहेत?

त्या दिवशी ओरबाडलेली टेप फेकलीस की गॅरेजच्या दारामागे लावलीस? नेलपॉलिश विरघळलेलं नाही, उखडलंय. उखडलेलं कुठेतरी चिकटून गेलं असेल. ओवीने ते तोरण काढून टाकलं नसेल तर पळ. टेप दारावरून काढताना हिसका देऊ नकोस. केसांचा ड्रायर असेल तर आधी दार कोमट कर आणि कडेकडेने सोडव.

कस्तुरा देवघरापुढे हात जोडून बसलीय, काय मागतेय ते तिलाच माहीत.

कळव.

विलास

*

विनिपेग
९ मार्च २०२५

विलास आणि कस्तुरावहिनी,

सावकाश आणि सविस्तर लिहावं म्हणून इतके दिवस थांबलो. ओवीने फोनवर ‘सापडली’ एवढं कळवलंच होतं. तिने मधे एकदा खरोखर सगळ्या टेपा काढायला घेतल्या होत्या. मग म्हणे, बाबांचं आहे, राहू दे.

शेवटून दुसरी पट्टी, त्या दिवशीची, घाईतही सवयीने लावलेली. दाराला घट्ट बसली होती आणि दारही तांबडं, म्हणून वरून फक्त लालसर डाग दिसत होता. ड्रायरने कोमट करत ओवीने ती नखभर नखभर सोडवली. मी टॉर्च धरून उभा होतो. उलटी केली तर डिंकावर सगळी अक्षरं. एका अक्षराची शेपटी दारावर राहिली, ती राहू दिली.

पट्टी ताटलीत ठेवून, ओवीला घेऊन वॉल्टरकडे गेलो. त्याने ड्रिल फळीवरून काढून दिलं. पुसून कोरडं केलं, उरलेल्या पहिल्या अक्षरापुढे पट्टी जशी होती तशी बसवली आणि अंगठ्याने दाबली. सुरकुती पडू दिली नाही. नाव जागच्या जागी आलं, तिच्याच हातचं, वर पारदर्शक टेप. वॉल्टरने ड्रिल खिडकीच्या उजेडात धरलं. मग त्याने नावावरून बोट फिरवलं आणि काहीतरी म्हणाला. मी ओवीकडे पाहिलं.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘ते म्हणतात, दोन वर्षं रोज थोडं थोडं झिजत होतं. आता ह्याला पाणी लागणार नाही.’

परवा तळ्यावर गेलो. या हंगामातलं शेवटचंच असेल, कडेचा बर्फ मऊ झालाय. आभाळातून बर्फ आणि पाऊस दोन्ही एकदम पडत होते. वॉल्टरने कुंची ड्रिलवर घातली, नाड्या बांधल्या आणि वहिनी, गोंडा नीट मधोमध आणला. त्याला कुणी शिकवलं कोण जाणे. भोक एका दमात आरपार झालं. निघताना ड्रिल पुसून तिथेच पिशवीत बांधलं, घरी येऊन बाहेरचं दव वाळल्यावर उघडलं. आत खडखडीत कोरडं.

वॉल्टर कुंची परत द्यायला तयार नाही. विचारतोय, ही शिवणाऱ्या बाईला मासा कसा पाठवायचा? विलास, ते पॅकिंग आता तूच सांग.

दत्तोबा